वेगळं पातेलं

चीनमधल्या कच्याओतल्या एका नूडलवाल्यानं एकदा माझी माफी मागितली होती. चूक त्याची नव्हती. ते मला ठाऊक होतं, तरी मी ती माफी घेतली, वर मोठेपणानं "असू दे" म्हणालो. २०१४ च्या डिसेंबरातली गोष्ट. बाहेर त्या भागातला चिवट, बारीक पाऊस लागलेला. यांगत्सेच्या दक्षिणेला सरकारी हीटिंग नसतं, त्यामुळे हिवाळ्यात खोलीत कुडकुडण्यापेक्षा त्याच्या दुकानात जाऊन बसणं परवडायचं. दाराशीच कमरेएवढं पातेलं उकळत असायचं आणि काचेवर वाफेचा पडदा धरलेला असायचा. सात टेबलं. शेवटच्या टेबलावर त्याचा मुलगा, असेल बारा वर्षांचा, गृहपाठ घेऊन बसलेला. त्यानं मान वर केली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "काका, भारतात गाय खात नाहीत ना?" मी म्हटलं, "नाही खात." मग त्यानं हातातली पेन्सिल माझ्या वाडग्याकडे रोखली. "मग हे सूप?"

लाओबानच्या, म्हणजे दुकानाच्या मालकाच्या, हातात तेव्हा कणकेचा पेड होता, अर्धा ओढलेला. तो तसाच लोंबकळत राहिला. त्यानं एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, पेड टेबलावर ठेवला, पिठाचे हात एप्रनला पुसले आणि माझ्यापर्यंत आला. "दुईबुछी," म्हणाला. माफ करा. थांबला आणि पुन्हा तेच म्हणाला. एकादशीच्या ताटात चुकून भाकरी वाढली गेल्यावर आमच्या आत्याचा चेहरा होतो तसा त्याचा झाला होता. मी घाईघाईनं म्हणालो, "मेइग्वानशी, मेइग्वानशी." असू दे, असू दे.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

माहीत नसायला झालंय काय? दुकानावर हातभर अक्षरांत लिहिलेलं, लानचौ न्यौरौ लामियान. लानचौ हे वायव्य चीनमधलं शहर, न्यौरौ म्हणजे मोठ्याचं मटण, ला म्हणजे ओढणं, मियान म्हणजे पीठ, नूडल्स. चिनी येत नसलेल्या माणसालाही आठवड्याभरात एवढं कळतं. मी पहिल्या दिवशी काय केलं, तर दोन शब्द पाठ करून गेलो होतो: "बु याओ न्यौरौ." मटण नको. दुकानातल्या बाईंनी मान हलवली आणि वाडग्यावरचे कागदासारखे पातळ चार काप काढून ठेवले. बाकी सगळं तसंच. त्याच पातेल्यातलं सूप, त्याच पळीनं. ते चार काप नाहीत म्हणजे माझं सगळं शाबूत, असा मी हिशेब घातला. शिवाय एक पळवाट मला भाषेनंच दिली. चिनीत गायही न्यौ, बैलही न्यौ, म्हैस म्हणजे पाण्यातला न्यौ, आणि याक म्हणजे माओन्यौ. लाओबान छिंगहाईचा, म्हणजे तिबेटच्या पठारावरचा, याकच्या मुलखातला. मग सूप याकचंही असू शकतं. याकबद्दल आपल्याकडे कुणी काही म्हटलेलं नाही. दोन वर्षं मी हा याक पाळला.

इचलकरंजीचा माणूस कच्याओत कशाला गेला, हे कापडातल्या लोकांना सांगावं लागणार नाही. शाओशिंगजवळचं हे गाव म्हणजे कापडाचा असा बाजार, की आपल्या गावाला मँचेस्टर म्हणणाऱ्यांनी एकदा इथे येऊन पहिल्या मजल्यावरून शेवटच्या मजल्यापर्यंत चालून दाखवावं. भारतीय इतके, की काही गल्ल्यांत गुजराती, मारवाडी आणि सिंधी ऐकत ऐकत जाता येतं. मी २०१२ साली एका निर्यातदाराचा माणूस म्हणून गेलो. काम असं, की सॅम्पल घ्यायचं, भाव करायचा, डाईंगवाल्याच्या मागे लागायचं आणि रंग चुकला की दोन्हीकडून शिव्या खायच्या. भारतीय हॉटेलं होती, पण तिथली एक डाळ-रोटी ज्या पैशात येई त्यात या दुकानात तीन दिवस जेवण व्हायचं. तेव्हा वाडगा ८ युआनला होता. स्थानिक खाणावळीत काय काय असेल याचा भरवसा नाही, डुकराची चरबी तर भाजीतही. या दुकानात डुक्कर नाही, दारू नाही, आणि भिंतीवर प्रत्येक पदार्थाचा मोठा फोटो लावलेला. बोट दाखवायचं आणि बसायचं. एकट्या परक्या माणसाला याहून जास्त काय लागतं?

आणि तो आवाज. दुकानात शिरायच्या आधी आवाज यायचा. धप्प. कणकेचा जाड पेड स्टीलच्या टेबलावर आपटल्याचा. दोन्ही टोकं हातात धरून तो पेड उचलायचा, हात फाकवायचा, मधला भाग झोक्यासारखा खाली यायचा आणि टेबलाला थापडून परत वर. घडी. पुन्हा ओढ. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. प्रत्येक घडीला पीठ भुरभुरायचं म्हणजे धागे एकमेकांना चिकटत नाहीत. सातव्या घडीला १२८, आठव्या घडीला २५६. हे सगळं पंधरावीस सेकंदांत, आणि त्यातही लाओबान कुणाशी तरी गावाकडच्या बोलीत बोलतोय, एक डोळा दारावर. शेवटी हाताला अडकलेलं टोक चुटकीनं तोडायचं आणि अख्खी लड उकळत्या पाण्यात भिरकवायची.

मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला जेवण दिसलं नाही, सूतगिरणी दिसली. वडील ड्रॉ-फ्रेमवर, म्हणजे कापसाचे पेळू ओढणाऱ्या यंत्रावर होते. लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा ते मला एकच गोष्ट दर वेळी नव्यानं समजावून सांगायचे: आठ पेळू एकत्र घ्यायचे, ओढून आठपट लांब करायचे, हातात पुन्हा एकच पेळू येतो, तेवढाच जाड, मग केलं काय? "एकाचा जाडपणा दुसऱ्याच्या बारीकपणात मुरवला," म्हणायचे. डब्लिंग आणि ड्राफ्टिंग. सगळे तंतू एका दिशेला निजतात, मग पीळ दिला की तुटत नाही. लाओबान तेच करत होता. घड्या घालायच्या आधी तो पेडाला पीळ देऊन, ओढून, परत पीळ देऊन कणीक जणू विंचरून घ्यायचा. गव्हातला चिकटा एका रांगेत निजवत असणार. इथे काउंटही होता, म्हणजे धाग्याच्या बारीकपणाचा आकडा, जितका मोठा तितका धागा बारीक. माओशी म्हणजे केसासारखं, शी म्हणजे बारीक, अर्शी त्याहून जाड, च्यौये म्हणजे लसणाच्या पातीएवढं चपटं, दाख्वान म्हणजे कमरेच्या पट्ट्याएवढं रुंद. मी मनात लावून टाकलं होतं, माओशी ८० चा काउंट, अर्शी २० चा, दाख्वान म्हणजे थेट चादर. वडिलांना फोनवर हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तुटतं किती?" गिरणीतल्या माणसाचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मोजायला बसलो. दुपारच्या तासाभरात एकदाही तुटलं नाही.

आईचा प्रश्न वेगळा असायचा. रविवारी फोन, आणि पहिलं वाक्य, "काय खाल्लंस?" मी सांगायचो, शेवया. यात खोटं काही नाही. आमच्याकडे एप्रिलात गल्लीतल्या बायका खपलीची कणीक तिंबून, तेलाचा हात लावून, पाटावर शेवया ओढायच्या. एक धागा दुसऱ्यावर पडू न देता काठीवर वाळत घालायच्या. आम्हा पोरांना काठीखालून वाकून जायची परवानगी नव्हती, म्हणून आम्ही काठीखालूनच जायचो. "दुधातल्या का?" आई विचारायची. "नाही गं, तिखट. उपम्यासारख्या." "आणि वर काय?" "मुळा, कोथिंबीर." हेही खरं. त्या वाडग्याचं वर्णनच चिनी लोक रंगांच्या पाढ्यात करतात: एक स्वच्छ, दोन पांढरं, तीन लाल, चार हिरवं, पाच पिवळं. स्वच्छ म्हणजे सूप, पांढरा मुळा, लाल मिरचीचं तेल, हिरवी कोथिंबीर नि लसणाची पात, पिवळे नूडल्स. पाढ्यातला पहिला आकडा गाळून बाकीचे चार मी आईला दर रविवारी म्हणून दाखवत होतो. आई माळकरी आहे.

ते लाल तेल म्हणजे आपला कट. मिसळीवर येतो तसाच वर तरंगणारा, जिभेपेक्षा नाकाला आधी लागणारा. टेबलावर लाल तेलाची वाटी, काळ्या व्हिनेगरची किटली आणि कच्च्या लसणाच्या न सोललेल्या पाकळ्या. शेजारचा माल वाहणारा हमाल एक पाकळी सोलून दातांनी तोडायचा, मग नूडल्सचा एक घास, मग पाकळी. कांदा फोडून भाकरीबरोबर खावा तसं. मीही तसाच खायला लागलो आणि दुपारच्या मीटिंगांत लोक माझ्यापासून जरा लांब बसायला लागले. जिऱ्याला ते लोक त्झ्रान म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, लाओबान माझ्याशी मराठी बोलतोय. आपलं जिरं, फारसीतलं झीरा, आणि हे त्झ्रान. उंटांच्या पाठीवरून चव गेली आणि नावही जवळजवळ न सांडता गेलं.

लानचौ लामियानचं लानचौशी फार नातं नाही, हेही मला त्यानंच सांगितलं. चीनभरच्या गल्लीबोळात या नावाची जी दुकानं आहेत त्यातली बहुतेक छिंगहाईतल्या हुआलोंग तालुक्यातल्या लोकांची. बहुतेक ह्वे, काही सालार, दोन्ही तिकडचे मुसलमान समाज. भाऊ दुकान काढतो, मेहुणा हाताखाली शिकतो, वर्षादोनवर्षांत तो पुढच्या शहरात आपलं दुकान काढतो. आपल्याकडच्या उडुपी हॉटेलांची आठवण येते ती यामुळेच. कोरडं, उंच, कमी पिकाचं गाव. लोक निघाले ते हातातली कला घेऊन. लानचौवाल्यांना मात्र या पाट्यांचा राग आहे. २०१६ साली एका लोकरीच्या व्यवहारासाठी मी तिकडे गेलो. चीनमधली पहिली यांत्रिक लोकर गिरणी १८८० साली त्याच गावात सुरू झाली होती, हे मालक लोक अजून आपल्या आजोबांनीच काढल्यासारखं सांगतात. मी हॉटेलात विचारलं, लामियान कुठे चांगलं मिळतं? रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "लामियान आमच्याकडे नसतं. न्यौरौमियान असतं." कोल्हापुरात जाऊन "कोल्हापुरी व्हेज" मागितल्यावर वेटर जसा बघतो तसं तिनं बघितलं.

तिथे ते सकाळी खातात. साडेसहाला रांग. गल्ल्यावर पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची, ती खिडकीत देताना आपला काउंट ओरडून सांगायचा. बसायला जागा नसेल तर लोक फुटपाथवर उकिडवे बसून, वाडगा तळहातावर पेलत, पाच मिनिटांत संपवून कामाला. दुपारी दोननंतर बरीच दुकानं बंद. हे सुरू कुणी केलं विचारलं, की तिथे बहुतेकजण मा पाओत्झ नावाच्या ह्वे माणसाचं नाव घेतात, १९१५ च्या सुमारास खांद्यावर कावड घेऊन गरम नूडल्स विकणारा. गावाचा जीव यात इतका अडकलेला, की २००७ साली भाव वाढले तेव्हा प्रशासनानं मर्यादा घातली: साधा मोठा वाडगा अडीच युआनच्या वर विकायचा नाही. वडापाव महागला म्हणून महापालिकेनं बैठक बोलावल्याचं मी अजून ऐकलेलं नाही, बोलवायला हरकत नव्हती. पीतनदीवरच्या १९०९ च्या लोखंडी पुलावर सकाळच्या वाऱ्यात उभा राहून मी पोट धरून विचार करत होतो, की हे सूप लाओबानच्या सूपापेक्षा चांगलं आहे हे त्याला सांगायचं की नाही. त्या सकाळी मी "बु याओ न्यौरौ" म्हणालो नव्हतो. रांग मोठी होती, मागचा ढकलत होता, आणि इथे मला कुणी ओळखत नव्हतं. काप वाडग्यात आले. मी ते खाल्ले. चव मटणासारखीच, जरा गोडसर, जरा धाग्याची. फार काही झालं नाही. त्याचंच जरा वाईट वाटलं.

लानचौतल्या जुन्या पद्धतीत कणकेत फंगह्वे घालतात. वाळवंटी माळावर उगवणाऱ्या एका झुडपाची राख. तिच्या क्षारानं कणीक पिवळसर होते, ताणली जाते, तुटत नाही, आणि नाकाला किंचित उग्र वास येतो. आता पुष्कळ ठिकाणी तयार पूड वापरतात. लाओबाननं मला त्या पुडीची पिशवी हुंगायला दिली, आणि मी म्हणालो, पापडखार! म्हणजे मराठीतच म्हणालो. आपलाही पापडखार मुळात झुडपांच्या राखेतूनच यायचा. त्याला कसं सांगावं कळेना, मी हातानं लाटणं फिरवल्यासारखं केलं, वाळत घातल्यासारखं केलं, कडाकडा मोडून खाल्ल्यासारखं केलं. त्याला काय समजलं देव जाणे, पण तो खूप हसला. हुआलोंग ज्या हायतोंग भागात आहे, त्याच भागात लाच्या नावाच्या जागी उत्खननात एक पालथा पडलेला मातीचा वाडगा सापडला, आणि त्याखाली चार हजार वर्षांपूर्वीच्या शेवया. २००५ साली ते संशोधन छापून आलं. गव्हाच्या नव्हेत, राळ्याच्या आणि वरीच्या. भूकंप आणि पूर, एका मागोमाग एक, आणि कुणाचं तरी जेवण अर्ध्यावर राहिलेलं. राळ्याचं पीठ असं ओढता येतं का, यावर पुढे बरेच वाद झाले. मला त्या वादापेक्षा तो पालथा वाडगा आठवतो. तो कुणी पालथा घातला?

आता त्या पाटीबद्दल. दुकानावर दोन लिप्या होत्या. चिनी अक्षरं छिंगजन, आणि शेजारी हिरव्या रंगात अरबी. छिंग म्हणजे निर्मळ, जन म्हणजे खरं. मिळून अर्थ हलाल. मला ते वाचता यायला लागलं त्या दिवशी गंमत वाटली, कारण हे तर आपलं "शुद्ध शाकाहारी". तीच हिरवी पाटी, तोच आतल्या माणसाला धीर देणारा आणि बाहेरच्याला उंबऱ्यावर थांबवणारा शब्द. लाओबान एकदा आमच्या गोदामात आला होता, पडद्याच्या कापडाचा एक तागा घ्यायला. मी चहा पुढे केला. त्यानं हसून हात जोडल्यासारखं केलं आणि पिशवीतून आपला काचेचा थर्मास काढला. दुसऱ्यांच्या कपात आधी काय होतं माहीत नसतं, म्हणून तो कुठेही गेला तरी पाणी आपलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझी आजी पंढरीच्या वाटेवर तेच करायची. आमच्याच घरात मटणाचं पातेलं वेगळं होतं. रविवारी ते मागच्या पडवीत, तीन दगडांच्या चुलीवर. वडील आणि आम्ही भावंडं तिथेच पाटावर बसून तांबडा-पांढरा ओरपणार, आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून "अजून भाकरी हवी का" विचारणार, पण उंबरा ओलांडणार नाही. मग ते पातेलं राखेनं घासून, उपडं करून, पडवीच्या खुंटीवर आठवडाभर. आई ते कधी हातात धरायची नाही. पण घासून झालं की नाही हे लांबून बघायची.

म्हणून त्या डिसेंबरात लाओबाननं काय केलं हे मला लगेच कळलं. दुसऱ्या संध्याकाळी मी गेलो तर मोठ्या पातेल्याशेजारी एक छोटं ॲल्युमिनियमचं नवं पातेलं. बाजारातून आणलेलं, कडीला लाल दोरा बांधलेला. बाई म्हणाल्या, हे तुझं. याच्यात न्यौरौ कधी शिजणार नाही. नूडल्स त्यात उकळल्या, कढईत टोमॅटो आणि अंडं परतून वर घातलं, आणि पिण्याला त्याच नूडल्सचं उकळलेलं पाणी, पेजेसारखं पांढुरकं. तिकडे म्हणतात, ज्या पाण्यात शिजलं त्याच पाण्यानं पचतं. माझ्या घरात वेगळं पातेलं असायचं ते मटणाला वाळीत टाकायला. इथे ते माझ्यासाठी आणलं होतं. लाओबान कठड्यापलीकडून बघत होता, मी पहिला घास घेतोय का. मी घेतला आणि अंगठा वर केला.

बेचव होतं.

म्हणजे वाईट नव्हतं. टोमॅटो-अंडं हा चीनमधल्या प्रत्येक आईचा पदार्थ आहे, त्याला नावं ठेवणं पाप. पण मला ते सूप हवं होतं. थंडीत दोन्ही हातांनी वाडगा धरून नाकाशी नेलं की आधी मुळ्याचा गोडसर वास, मग मिरं, सुंठ, कसलीतरी दालचिनीसारखी साल, आणि सगळ्याच्या तळाशी ती हाडांची जड, गोल चव, जिच्या नावानं मी दोन वर्षं याक पाळला होता. त्या माणसानं माझ्या धर्माची काळजी घेतली आणि माझ्या जेवणाचा आनंद संपवला. आणि मी त्याला सांगू शकत नव्हतो, की बाबा, मला चालत होतं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मी माहीत असून खात होतो, काल तू माफी मागितलीस तेव्हा मी गप्प बसलो, आणि तुझं पातेलं परत कर? त्याच्या मुलासमोर? निर्मळ आणि खरं लिहिलेल्या पाटीखाली बसून? पुढच्याच मार्चमध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदीचा कायदा लागू झाला. कच्याओतल्या भारतीय हॉटेलात रात्री त्यावर तावातावानं चर्चा चालायच्या, दोन्ही बाजूंनी. मला कुणी विचारलं की मी म्हणायचो, "मी तर टोमॅटो-अंडं खातो." आणि ते अगदी खरं होतं.

शेवटी मी चोरी करायला लागलो. तीन चौक सोडून, कालव्यापलीकडे आणखी एक लानचौ लामियान होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा कॉलर वर केली होती, हे आठवून आज हसू येतं. शाळेत असताना मित्राबरोबर गावाबाहेरच्या धाब्यावर चोरून जायचो तशीच छाती धडधडत होती. टेबलावर बसलो. पांढरी टोपी घातलेला तरुण पोरगा आला. मी तोंड उघडायच्या आधी तो म्हणाला, "तू माझ्या मामाकडे येणारा भारतीय ना? शिहोंगशी, अंडं, न्यौरौ नाही." आणि वळून आत ओरडला. आत खळखळ आवाज झाला. माझ्यासाठी पातेलं घासलं जात होतं. मी टोमॅटो-अंड्याचा दुसरा वाडगा त्या आठवड्यात तिथे खाल्ला, आणि पैसे देताना त्यानं एक युआन कमी घेतला. मामाचा माणूस म्हणून.

हुआलोंगवाल्यांचं जाळं म्हणतात ते हे.

२०१९ साली मी परत आलो. निघायच्या आदल्या दिवशी दुकानात गेलो होतो, सांगून टाकावं असं ठरवूनच. गर्दी होती. लाओबाननं हात झटकून पिठाचाच हात हातात घेतला, बाईंनी सुक्या नूडल्सची पिशवी दिली, मुलगा शाळेत होता. मग कोविड, मग व्हिसाची भानगड, आणि मी पुन्हा कच्याओत पोचलो तो २०२४ च्या ऑक्टोबरात, चार दिवसांसाठी. दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं विकणारा. कालव्यापलीकडचं मात्र तसंच, फक्त पाटी नवी, चकचकीत, आणि तिच्यावर अरबी अक्षरं नाहीत. ती २०१८-१९ च्या सुमारास बऱ्याच ठिकाणी उतरवली गेली. जुन्या पाटीच्या खिळ्यांची भोकं भिंतीत तशीच होती.

आत एक उंच पोरगा कणीक आपटत होता. धप्प. मी बघत राहिलो. बापापेक्षा वेगवान, पण घडी घालताना मनगट तसंच आत वळवायचा. त्यानं वर पाहिलं, क्षणभर थांबला, आणि पेड हातात तसाच लोंबकळत असताना म्हणाला, "काका!" बाप गावी गेलाय, म्हणाला. गुडघे गेले. इतकी वर्षं उभं राहून. आता दुकान आतेभाऊ नि तो चालवतात. फोनवर त्यानं बापाचा फोटो दाखवला: पांढरी दाढी, मागे पिवळे डोंगर, हातात तोच काचेचा थर्मास.

मला वाटलं, आता सांगावं. बापाला नाही तर याला. प्रश्न तर यानंच विचारला होता. पाच वर्षांत माझी चिनी गंजली होती, पण वाक्य सोपं होतं. मी मोठ्या पातेल्याकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, ते सूप, वो जिदाओ. मला माहीत होतं.

चिनी क्रियापदाला काळ नसतो. वो जिदाओ म्हणजे मला माहीत होतं, आणि वो जिदाओ म्हणजे मला माहीत आहे. त्यातला फरक सांगायला जे चार शब्द जोडावे लागतात ते मला ऐनवेळी आठवेनात. पोरगा हसला. "हो, हो, जिदाओ," तो म्हणाला. "न्यौरौचं आहे. तुम्हाला नाही घालत." आणि वाकून ओट्याखालून त्यानं एक ॲल्युमिनियमचं पातेलं काढलं. जरा पोचे आलेलं. कडीला दोरा होता, त्याचा लाल रंग आता ओळखू येत नव्हता.

"माओशी की अर्शी?" त्यानं विचारलं.

"अर्शी," मी म्हणालो आणि व्हिनेगरची किटली पुढे ओढली.